तासिलीच्या पठारावर ट्रॉलीबॅग नको

अल्जीरियातल्या जानेत गावाहून तासिली नाज्जेरच्या पठारावर काही दिवसांचा ट्रेक ठरवत असाल, तर चाकांची बॅग घरीच ठेवा. वर गाडी जात नाही, सामान गाढवांच्या पाठीवर लादतात. त्यासाठी मऊ डफल बॅगच लागते. पाणी, औषधं आणि जॅकेट मात्र आपल्याच पाठीवर असू द्या, कारण गाढवं बऱ्याचदा वेगळ्या वाटेने जाऊन थेट मुक्कामीच भेटतात.

वाळवंट म्हणून थंडीला हलक्यात घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, स्लीपिंग बॅग त्या हिशोबानेच घ्या. टोपीपेक्षा इथल्या तुआरेग जमातीचे पुरुष बांधतात तो लांबलचक सुती फेटा, म्हणजे तागेलमुस्त, जास्त कामाचा. ऊन, वारा, नाकातोंडात जाणारी वाळू, सगळ्यावर तो एकच इलाज. बांधायला वाटाड्या शिकवेल. तसंही वाटाड्याशिवाय इथे फिरता येत नाही.

चहा तीनदा होतो, पहिला कडक आणि शेवटचा गोड. दुसऱ्या पेल्यावर उठून निघायची घाई करू नका. ताग्युएला ही जाड भाकरी निखाऱ्यांखाली वाळूतच भाजतात, मग झटकून, कुस्करून रश्श्यात घालतात. एखादा कण दाताखाली येतोच, चालायचंच.

पठारावरच्या सेफार या ठिकाणची खडकांवरची प्राचीन भित्तिचित्रं मात्र लांबूनच पाहा. हात लावू नका, पाणी तर मुळीच शिंपडू नका. फोटोत रंग उठावेत म्हणून पूर्वी लोकांनी चित्रं ओली केली आणि त्यातली कितीतरी कायमची फिकी पडली.