पायोनियर घराण्याची वंशावळ शोधताय? सारख्या नावाला भुलू नका

अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतकरी घराण्याची वंशावळ लावायला बसलं, की अलीकडच्या पिढ्या भराभर सापडतात आणि १८५० च्या पलीकडे घोडं पेंड खातं. १७९० ते १८४० च्या जनगणनेत नाव आहे ते फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायको-मुलं म्हणजे वयोगटाच्या रकान्यांतले नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव लिहिलं जाऊ लागलं, पण प्रमुखाशी असलेलं नातं नाही. तो रकाना १८८० ला आला.

म्हणूनच १८५० च्या एखाद्या घरात नवरा, बायको आणि पाच मुलं दिसली, की ती सगळी त्या बाईचीच असं धरून चालू नका. बाळंतपणात बायका दगावत आणि घर चालवायला पुरुष लवकरच दुसरं लग्न करत. आई आणि थोरल्या मुलाच्या वयात जेमतेम तेरा-चौदा वर्षांचं अंतर असेल, तर सावत्रपणाची शंका घ्या आणि लग्नाची नोंद शोधा. १९०० ची जनगणना इथे कामी येते: बाईला किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, हे तिथे विचारलेलं आहे.

सगळ्यात महागात पडते ती नावाची चूक. आजोबांचं नाव चार नातवांना ठेवलेलं, चौघंही एकाच काउंटीत (म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागात), त्यात दोघांच्या बायका मेरी! ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ यांवरही विसंबू नका. त्या काळी ते बाप-लेकच असत असं नाही; काका-पुतणे, कधी तर नात्यात नसलेले दोन सारख्या नावाचे गावकरीही असत. थोरला वारला की काल-परवाचा ज्युनियर सीनियर होई. मूल दगावलं तर पुढच्याला तेच नाव देत, ही आणखी एक खोच.

गुंता सोडवायचा तर प्रत्येक वर्षाला एक ओळ असा तक्ता करा: जमीन कोणत्या ओढ्यावर, बायको कोण, जमिनीच्या खरेदीखतावर सही की नुसती खूण, साक्षीदार कोण, शेजारी कोण. एकाच वर्षी तो माणूस दोन घरांत कर भरताना दिसला, तर बहुधा ती दोन माणसं आहेत. आणि शेजारी खरंच टिपून ठेवा. ही माणसं एकटी निघत नसत. मेहुणे, साडू, चर्चमधली मंडळी असा तांडाच पुढच्या राज्यात उतरे. आपला माणूस मागच्या गावी सापडत नसेल, तर त्याच्या साडूला शोधा.

घर न हलताही पत्ता बदलतो. १७७५ साली डॅनियल बून या वाटाड्या वसाहतकऱ्याने आखलेल्या वाटेने केंटकीत उतरलेलं कुटुंब तेव्हा व्हर्जिनियाच्या फिनकॅसल काउंटीत होतं. १७७६ च्या अखेरीस केंटकी काउंटी झाली, १७८० ला तिचे तीन तुकडे पडले आणि १७९२ ला केंटकी वेगळं राज्य झालं. जुने कागद सहसा मूळ काउंटीकडेच राहतात. आधी त्या वर्षीचा नकाशा पाहा, मग दप्तर.

तारखांचंही तसंच. ब्रिटिश वसाहतींनी १७५२ मध्ये पंचांग बदललं, त्यात अकरा दिवस गळले. बूनचा जन्म कुठे २२ ऑक्टोबर १७३४, कुठे २ नोव्हेंबर १७३४ दिसतो, दिवस एकच. त्याआधी वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारीतला जन्म जुन्या कागदात आधीच्या वर्षात पडलेला असू शकतो; दोनदा विचार करा.

आडनावाच्या एकाच स्पेलिंगला चिकटून बसू नका. जनगणनेचा कारकून कानावर पडेल तसं लिही. ‘ध’ चा ‘मा’ झालेला असतोच.

१८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ उरलीच नाही. १८८० नंतर एकदम १९०० असं उडी मारून जाऊ नका. मधल्या वर्षांसाठी दुसरे कागद शोधा. कुटुंबाने १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली (वसाहतकऱ्यांना सरकारी जमीन देणारा कायदा) १६० एकर घेतले असतील, तर राष्ट्रीय अभिलेखागारातली त्यांची फाइल मागवा. मालकी मिळवायला साधारण पाच वर्षं तिथे राहून जमीन कसावी लागे आणि तसा पुरावा द्यावा लागे. त्यामुळे घर केवढं, पीक कोणतं, साक्षीदार शेजारी कोण हे त्यात सापडतं. परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदसुद्धा.