केडीबीमध्ये ‘मोअर’वर अडकणारं आउटपुट सरळ कसं करावं

कर्नल डीबगरमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या चुका शोधायचं साधन) ‘पीएस ए’ ही आज्ञा दिली की सगळ्या प्रोसेसची यादी धडाधड येऊ लागते. कधी दर २४ ओळींनी ‘मोअर’ (पुढे जायला कळ दाबा, अशी सूचना) येऊन स्पेस दाबत बसावं लागतं, तर कधी हवी असलेली ओळ डोळ्यांदेखत वर निघून जाते. लिनक्सच्या केडीबीत (२०१० मधल्या २.६.३५ पासून तो मुख्य कर्नलमध्ये आहे) दोन्हीची किल्ली एकच: ‘लाइन्स’ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे एका पानात किती ओळी दाखवायच्या ती सेटिंग. इथे आज्ञा देवनागरीत आहेत. टाइप करताना रोमनमध्ये, आज्ञा लहान अक्षरांत आणि व्हेरिएबलची नावं मोठ्या अक्षरांत.

सरावासाठी व्हर्च्युअल मशीनच घ्या. केडीबीत शिरल्यावर सगळं मशीन जागच्या जागी थांबतं. चालू सर्व्हरवर हे केलंत तर पाच मिनिटांत फोन वाजायला लागतील. कर्नलमध्ये केडीबी चालू असेल आणि केजीडीबीओसीला (डीबगर कन्सोलशी जोडणारा कर्नलचा भाग) सिरियल पोर्ट दिलेला असेल, तर सिसआरक्यूच्या (कर्नलला थेट आज्ञा देण्याची सोय) ट्रिगर फाइलमध्ये ‘जी’ अक्षर लिहिलं की प्रॉम्प्ट येतो. बाहेर पडायला ‘गो’.

आता आपल्या बाजूच्या टर्मिनलची उंची बघा. सिरियल तारेवरून खिडकीचा आकार पलीकडे कळत नाही. तुम्ही खिडकी कितीही ताणा, केडीबी बापडा २४ ओळी आणि ८० स्तंभ धरूनच चालतो. लॅपटॉपवर दुसऱ्या टॅबमध्ये ‘एसटीटीवाय साइझ’ चालवलं की दोन आकडे येतात, त्यातला पहिला ओळींचा. तो ५२ असेल तर केडीबीत लिहा:

सेट लाइन्स=५०

दोन ओळी मुद्दाम कमी, कारण ‘मोअर’लाही जागा लागते आणि लांब ओळी मुडपल्या की हिशेब ढोबळ होतो. खिडकी रुंद असेल तर ‘कॉलम्स’ही तसाच बदला. ‘एन्व्ह’ दिल्यावर नवी किंमत यादीत दिसली पाहिजे.

पानं नकोच असतील तर? बहुतेक जण इथे शून्य देऊन बघतात आणि काहीच बदललं नाही म्हणून चक्रावतात. कारण कोडमध्येच आहे: किंमत १ किंवा त्याहून कमी असली की केडीबी ती बाजूला ठेवतो आणि पुन्हा २४ धरतो. थांबणं बंद करायचं तर मोठा आकडा द्यायचा:

सेट लाइन्स=१००००

पण त्याआधी टर्मिनलचं कॅप्चर, म्हणजे आउटपुट फाइलमध्ये साठवणं, सुरू करा. मिनिकॉम या सिरियल टर्मिनल प्रोग्राममध्ये कंट्रोल-ए आणि मग एल. कॅप्चर नसताना पानं बंद करण्यात काही अर्थ नाही, सगळं स्क्रोलबॅकच्या भरवशावर राहतं.

याच्या उलटही घडतं: काल ‘मोअर’ येत होता, आज अचानक गायब. तुम्ही ‘डम्पऑल’ चालवलं होतं का, ते आठवा. ही तयार आज्ञा आतून ‘डम्पकॉमन’ला बोलावते आणि त्यात ‘सेट लाइन्स १००००’ लिहिलेलंच आहे. काम झाल्यावर जुनी किंमत परत कोणी ठेवत नाही. ‘गो’ करून बाहेर पडलात तरी ती रीबूटपर्यंत टिकते, म्हणून हाताने पुन्हा ५० करा.

‘मोअर’वर थांबलेले असताना स्पेसने पुढचं पान येतं, एंटरने एकच ओळ सरकते आणि क्यू दाबल्यावर उरलेलं आउटपुट सोडून प्रॉम्प्टवर परतता येतं. तिथेच तिरकी रेघ देऊन पुढच्या मजकुरात शोधताही येतं. माझ्या मते मात्र पानं उलटण्यापेक्षा आधीच गाळून घेणं बरं:

पीएस ए | ग्रेप बॅश

इथे ‘ए’ मोठा. शोधायच्या मजकुरात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात ठेवा. शेलसारखी पाइपची माळ इथे चालत नाही, शेवटी एक ग्रेप एवढंच.

दर बूटला हे टाइप करायचा कंटाळा येत असेल आणि कर्नल तुम्ही स्वतःच बांधत असाल, तर सोर्समध्ये कर्नल, डीबग, केडीबी या वाटेने जा. तिथे ‘केडीबी_सीएमडीएस’ नावाची फाइल आहे. ‘डम्पऑल’ची व्याख्याही तिथलीच. तिच्यात ‘सेट लाइन्स ५०’ ही ओळ घाला, पण डेफसीएमडी आणि एंडेफसीएमडी (आज्ञेच्या व्याख्येची सुरुवात आणि शेवट) यांच्या बाहेर. आत घातलीत तर ती त्या आज्ञेचा भाग होऊन बसेल आणि ती आज्ञा चालवेपर्यंत काहीच होणार नाही.