श्वसनमार्गातील विषाणूंची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कशी अभ्यासावी

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासमोर बसण्यापूर्वी आपल्याला नेमके काय पाहायचे आहे ते एका वाक्यात लिहून काढावे, कारण पद्धत त्या वाक्यावरूनच ठरते. द्रवात कोणत्या घराण्याचा विषाणू आहे एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर निगेटिव्ह स्टेनिंग, म्हणजे विषाणूऐवजी त्याच्या भोवतीची जागा गडद करणे, पुरेसे आहे. विषाणू पेशीत कोठे तयार होतो आणि कोणत्या वाटेने बाहेर पडतो हे पाहायचे असेल, तर रेझिनमध्ये बसवलेल्या पेशींचे अतिपातळ छेद घ्यावे लागतात. पृष्ठभागावरील प्रथिनाची घडण जवळजवळ अणूंच्या पातळीपर्यंत समजून घ्यायची असेल, तर क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाकडे, म्हणजे झटक्यात गोठवलेला नमुना पाहण्याच्या पद्धतीकडे, वळावे लागते. सर्वांत महागडे यंत्र हाताशी आहे म्हणून पहिल्याच दिवशी तिकडे धाव घेणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते. क्रायोसाठी जाणारा नमुनादेखील आधी निगेटिव्ह स्टेनखाली तपासून घ्यावा. त्याला अर्धा तासही लागत नाही आणि खराब नमुन्यावर वाया जाणारे कित्येक दिवस वाचतात.

जिवंत विषाणू सूक्ष्मदर्शकाच्या खोलीपर्यंत नेऊ नये. त्या विषाणूसाठी ठरवून दिलेल्या जैवसुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेतच तो ग्लुटाराल्डिहाइड किंवा पॅराफॉर्माल्डिहाइडने निष्क्रिय करावा आणि तो खरोखर निष्क्रिय झाला आहे याची स्वतंत्र चाचणी करून घ्यावी. मात्र रसायनाची निवड विचारपूर्वक करावी, कारण काही रसायनांमुळे विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या काट्यांचा आकार बदलतो आणि मग आपण विषाणूची नव्हे, रसायनाने घडवलेल्या अवस्थेची मोजमापे घेत बसतो.

निगेटिव्ह स्टेनिंगमध्ये विषाणू रंगत नाही. त्याच्या भोवतीचा जड धातूचा क्षार इलेक्ट्रॉन अडवतो आणि त्या काळ्या पार्श्वभूमीवर विषाणू उजळ दिसतो. सुमारे ३ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या ग्रिडवर, म्हणजे नमुना ठेवण्याच्या बारीक जाळीवर, कार्बनचा पातळ पडदा असतो. त्यावर पाणी पसरावे यासाठी ग्रिडला वापरण्याच्या थोडेच आधी ग्लो डिस्चार्ज (कमी दाबाच्या वायूतील विद्युत विसर्ग) द्यावा. चिमट्यात कडेने धरलेल्या ग्रिडवर ३ ते ५ मायक्रोलिटर नमुना ठेवावा, साधारण मिनिटभर थांबावे आणि फिल्टर पेपरची कड ग्रिडच्या काठाला टेकवून थेंब शोषून घ्यावा. मधोमध कागद दाबल्यास पडदा फाटतो. त्यानंतर ग्रिड शुद्ध पाण्याच्या दोन-तीन थेंबांवरून फिरवावी. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी गाळू नये, कारण फॉस्फेट बफर उरला असेल तर युरॅनिल ॲसिटेटशी त्याचा साका बनतो आणि साखरेचे द्रावण उरले असेल तर सारे क्षेत्र गढूळ दिसते. शेवटी १ ते २ टक्के युरॅनिल ॲसिटेट किंवा सामू ७ च्या आसपास आणलेले २ टक्के फॉस्फोटंगस्टिक आम्ल लावून, शोषून, ग्रिड हवेत वाळवावी. युरॅनिल ॲसिटेट आम्लधर्मी, विषारी आणि किंचित किरणोत्सारी आहे; त्याचा कचरा वेगळाच ठेवावा.

ग्रिडवर काहीच दिसले नाही तर विषाणू नाही, असा निष्कर्ष काढू नये. एका मिलिलिटरमध्ये साधारण १० लाख कण असल्याखेरीज या पद्धतीने ते सापडणे अवघड असते, म्हणून नमुना बहुधा दाट करून घ्यावा लागतो. तो करताना हात हलका असावा. जोरदार सेंट्रीफ्यूज केलेल्या आणि वारंवार गोठवून वितळवलेल्या कोरोनाविषाणूचे काटे गळून पडतात आणि उरतो तो ओळख न पटणारा गोळा.

ओळख पटवणे हाच या कामाचा खरा कस आहे. ॲडेनोविषाणू सर्वांत सोपा: सुमारे ९० नॅनोमीटरचा वीस त्रिकोणी पृष्ठांचा घन, ज्याच्या कडांवरील घटक चक्क मोजता येतात. ऱ्हायनोविषाणू जेमतेम ३० नॅनोमीटरचा गुळगुळीत गोल असल्याने त्याच आकाराच्या इतर कणांपासून तो नुसत्या नजरेने वेगळा काढता येत नाही. इन्फ्लुएन्झाचे कण गोल, लांबट किंवा तंतूसारखे असू शकतात, पण त्यांच्यावरील काट्यांची झालर दाट आणि एकसारखी असते. कोरोनाविषाणूचे काटे त्याहून लांब, विरळ आणि टोकाशी फुगीर असतात. त्यांच्या या वलयावरूनच १९६८ मध्ये या गटाला नाव मिळाले आणि त्यामागे विषाणूशास्त्रज्ञ जून अल्मेडा यांनी निगेटिव्ह स्टेनिंगने टिपलेल्या प्रतिमांचा मोठा वाटा होता. आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस) आणि पॅराइन्फ्लुएन्झा या विषाणूंचे आवरण अनेकदा फुटलेले आढळते. तेव्हा बाहेर सांडलेला, माशाच्या काट्यासारखी नक्षी असलेला न्यूक्लिओकॅप्सिड (प्रथिनांनी वेढलेले विषाणूचे जनुकद्रव्य) शोधावा. एकाच कणावर भिस्त न ठेवता आकार, काटे आणि अंतर्रचना या तिन्ही खुणा अनेक कणांवर जुळतात का ते पाहावे.

पेशींच्या छेदांत फसगत आणखी सहज होते. ग्लुटाराल्डिहाइड, मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड, मग अल्कोहोलने निर्जलीकरण, रेझिन आणि अखेरीस ६० ते ८० नॅनोमीटर जाडीचे छेद, हा क्रम ठरलेला आहे आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेत शिकता येतो. शिकता न येणारी गोष्ट म्हणजे संयम. कोविडच्या साथीत ऊतींच्या अनेक प्रकाशित छायाचित्रांत क्लॅथ्रिन या प्रथिनाचे आवरण असलेल्या पेशीतील पुटिकांनाच (सूक्ष्म पिशव्यांनाच) विषाणू म्हटले गेले, कारण त्यांच्याभोवतीही काट्यांसारखी किनार दिसते. फरक असा, की त्या पुटिका पेशीद्रवात मोकळ्या असतात आणि त्यांची किनार पेशीद्रवाकडे असते. कोरोनाविषाणू मात्र पटलाने वेढलेल्या पोकळीत किंवा पेशीबाहेर आढळतो आणि त्याच्या पोटात न्यूक्लिओकॅप्सिडचे आडवे छेद काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. ठिपके नसतील तर छायाचित्रात त्या कणाकडे ‘विषाणू’ म्हणून बाण काढू नये.

क्रायो पद्धतीत रंगही नसतो आणि वाळवणेही नसते. छिद्रे असलेल्या कार्बन पडद्यावरील नमुना शोषून अगदी पातळ करतात आणि द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या द्रव इथेनमध्ये झटक्यात बुडवतात. थेट नायट्रोजनमध्ये बुडवल्यास ग्रिडभोवती वायूचा थर तयार होऊन थंडावा उशिरा पोहोचतो आणि पाण्याचे स्फटिक बनतात. इथेनमध्ये मात्र पाणी काचेसारखे गोठते. पुढे ग्रिड सतत उणे १४० अंश सेल्सिअसच्या खाली राहिली पाहिजे. इलेक्ट्रॉनांचा मारा नमुन्याला जाळत असल्यामुळे मात्रा कमी ठेवावी लागते, प्रतिमा अंधूक येते आणि म्हणूनच शुद्ध प्रथिनाच्या हजारो-लाखो कणांच्या प्रतिमा संगणकावर जुळवून सरासरी काढावी लागते. याच मार्गाने २०२० च्या प्रारंभी सार्स-कोव्ह-२ या कोविडच्या विषाणूच्या काट्याची रचना सुमारे ३.५ अँगस्ट्रॉम (०.३५ नॅनोमीटर) विभेदनाने मिळाली.

अखंड विषाणूचा प्रत्येक कण मात्र वेगळा असल्याने तेथे अशी सरसकट सरासरी चालत नाही. अशा वेळी ग्रिड सुमारे उणे ६० ते अधिक ६० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने कलती करून टोमोग्राम (अनेक कोनांतील प्रतिमांवरून उभारलेली त्रिमितीय प्रतिमा) घ्यावा आणि सरासरी फक्त त्यातील काट्यांची काढावी. काट्याच्या देठात बिजागरीसारखे वाकणारे सांधे आहेत, हे अशाच टोमोग्रामांतून उघड झाले. त्यामुळे एखादा काटा आडवा झुकलेला दिसला तर तो मोडला आहे असे मानून वगळू नये. त्याच वेळी, ग्रिड पूर्ण उभी कलवता येत नसल्यामुळे टोमोग्रामात माहितीची एक पाचर कायम रिकामी राहते आणि त्या दिशेने गोल कण ताणल्यासारखा दिसतो. कणांचा व्यास मोजताना ती दिशा टाळावी.