नसांच्या त्रासासाठी ट्रायल शोधताय? आधी सीटीआरआय बघा

माझ्या वडिलांना शुगरमुळे तळपायाला मुंग्या आणि रात्री आग आग व्हायची, पंचवटीत चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळायचं नाही, तेव्हा मी हे सगळं शोधलं म्हणून सांगतो. भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची, म्हणजे औषध किंवा उपचार माणसांवर तपासून बघणाऱ्या अभ्यासांची, नोंद सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या सरकारी साइटवर असते, २००७ पासून सुरू आहे आणि बघायला एक रुपया लागत नाही. सर्चमध्ये इंग्रजीत डायबेटिक न्यूरोपथी (शुगरमुळे होणारा नसांचा त्रास) किंवा पेरिफेरल न्यूरोपथी (हातापायाच्या नसांचा त्रास) टाका. मग प्रत्येक ट्रायलमध्ये भरती चालू आहे का आणि सेंटर कुठे आहे ते बघा, नाशिकमध्ये नसेल तर मुंबई-पुणेही चेक करा, पण दर व्हिजिटला जमणार आहे का याचा घरी आधीच विचार करा, प्रवासखर्च मिळतो का ते पण विचारून घ्या. फोन करायच्या आधी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट), नर्व्ह कंडक्शनचा (नसा कशा काम करतात त्या तपासणीचा) रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी एका फाइलमध्ये लावा, कारण बहुतेक वेळा निवड त्यावरच अडते. ट्रायलसाठी म्हणून प्रीगॅबालिनसारखी नसांच्या दुखण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका हं.

संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून निवांत वाचा. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी, मिळू शकतो का ते स्पष्ट विचारा. मधेच कधीही बाहेर पडता येतं, आणि ट्रायलमुळे इजा झाली तर क्लिनिकल ट्रायल्सच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार उपचार मोफत द्यावे लागतात. कोणी सहभागासाठी पैसे मागितले तर सरळ उठून या.