वीरमरण आलेल्या तरुण अधिकाऱ्याचं चरित्र कसं जुळवावं

स्मरणिका काढायचं ठरलं की आधी पानं वाटून घ्या. छापखान्यात १६ पानांचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) सोयीचा पडतो, म्हणून ३२ किंवा ४८ पानं धरा. बहुतेक स्मरणिकांमध्ये अंत्ययात्रेचे फोटो आणि पुढाऱ्यांचे शोकसंदेश अर्धी जागा खातात, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याचं आयुष्य एका परिच्छेदात उरकतं. ४८ पानं असतील तर ३० त्याच्या जगण्याला, ६ शेवटच्या लढाईला आणि उरलेली फोटो-कागदपत्रांना द्या. त्यातलंच एक पान शोकसंदेशांना पुरे.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं उदाहरण घ्या. जन्म पुण्यात, १४ ऑक्टोबर १९५०. शिक्षण सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये, मग खडकवासल्याची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. १३ जून १९७१ ला पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये कमिशन, म्हणजे अधिकारीपद. १६ डिसेंबर १९७१ ला, भारत-पाक युद्धात, बसंतरच्या रणगाडा लढाईत वीरमरण, मरणोत्तर परमवीरचक्र. म्हणजे २१ वर्षांचं आयुष्य, त्यात १८६ दिवसांची नोकरी, आणि पदकाच्या सन्मानपत्रात आहे ती त्यातली फक्त शेवटची लढाई. बाकीचं घरच्यांनी आणि मित्रांनीच सांगायचं असतं. युद्धावर निघताना त्यांनी सामानात गोल्फच्या काठ्याही घेतल्या होत्या, असं कुटुंबीय सांगत आले. या एका गोष्टीतून तो मुलगा डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘अत्यंत धाडसी व तेजस्वी’ या विशेषणांतून राहत नाही.

घरच्यांशी बोलायची घाई करू नका. वर्षश्राद्धापर्यंत घरात माणसांची ये-जा असते आणि आई-वडिलांना तीच तीच वाक्यं बोलायची सवय झालेली असते. वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी यांची परवानगी वेगवेगळी घ्या. एकाने हो म्हटलं म्हणजे सगळ्यांचं हो झालं असं धरू नका. अपवाद आजी-आजोबांचा. त्यांचं वय पाहून, त्यांची इच्छा असेल तर, सगळ्यात आधी त्यांच्याकडे जा.

‘कसा होता तो?’ असं विचारलं की ‘हुशार होता, शांत होता’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी बारीक विचारा. सुट्टीवर आला की पहिल्या दिवशी जेवायला काय मागायचा? परत जाताना बॅग कोण भरायचं? एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचणीला, पहिल्यांदा नापास झाला तेव्हा घरी काय झालं? शाळेतले कोणते सर त्याला ओरडायचे? एका बैठकीला ४५ मिनिटं पुष्कळ झाली. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, घडी घातलेल्या रुमालावर बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा. सुरुवातीला नाव, तारीख आणि गाव बोलून घ्या. पुढे कुठलं रेकॉर्डिंग कुणाचं हे त्यावरूनच कळतं. ‘हे नको’ म्हणाले की तिथेच बंद करा.

पलटणीकडून ऐकायचं तर कोर्समेटइतकेच (अकादमीत त्याच्याबरोबर शिकलेल्या अधिकाऱ्यांइतकेच) सुभेदार साहेब महत्त्वाचे. नवा अधिकारी जवानांमध्ये कसा वागायचा, हे त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा जास्त दिसलेलं असतं. त्यांना कंपनीतलं रोजचं विचारा. तुकडीची ठिकाणं, माणसांची संख्या, मोहिमेची पद्धत विचारू नका. ते सांगणार नाहीत, आणि चुकून सांगितलं तरी छापू नका.

सगळ्यात जास्त चुका लष्करी तपशिलात होतात. प्रत्येक तारीख दोन कागदांवर ताळून बघा. अधिकाऱ्याचा लष्करी वैयक्तिक क्रमांक अक्षरांसकट लिहा: आयसी म्हणजे कायम कमिशन, एसएस म्हणजे शॉर्ट सर्व्हिस. जवानांची सेवानोंद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते, अधिकाऱ्यांची दिल्लीला सेना मुख्यालयाच्या अ‍ॅडज्युटंट जनरल शाखेकडे. अर्ज भलत्या ठिकाणी गेला की महिने वाया जातात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारून घ्या. रेजिमेंटच्या इतिहासासाठी मात्र तिच्या प्रशिक्षण केंद्रालाच लिहायचं: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला.

काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्स या दहशतवादविरोधी दलाच्या बटालियनमध्ये असलेला अधिकारी मूळचा दुसऱ्याच रेजिमेंटचा असतो. वर्तमानपत्रं दोन्हींपैकी एकच छापतात. तुम्ही दोन्ही लिहा. परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी, तर अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र ही त्याव्यतिरिक्तच्या शौर्यासाठीची वेगळी मालिका आहे. त्यांची सरमिसळ करू नका. ‘शहीद’ हा शब्द बोलण्यात असला तरी सैन्याच्या अधिकृत नोंदीत नाही. ‘वीरमरण’ लिहा, तो आपला शब्द आहे.

आता वस्तू. घरी आलेली काळी लोखंडी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव-नंबर. ती उघडण्याआधी बाहेरून फोटो काढा. सोबत आलेली सामानाची यादी असेल तर तिचा फोटो काढा. मग थर जसे निघतील तसे, न हलवता टिपा. वस्तू कुठल्या क्रमाने होत्या हे एकदा विस्कटलं की परत कळत नाही.

पत्रांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन परत काढता येत नाही, आणि पट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून शाई खातो. पत्रं घड्या उलगडून ६०० डीपीआयला स्कॅन करा, पाकिटंही करा, कारण शिक्क्यावर तारीख असते. मूळ पत्रं आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये आडवी ठेवा. स्कॅनच्या तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. मोबाइलमधले व्हॉट्सअ‍ॅप संवाद नंबर बंद करण्याआधीच उतरवून घ्या.

गणवेश धुवायचा की नाही हे आईला किंवा पत्नीला विचारल्याशिवाय हात लावू नका. त्याचा वास हीच त्यांच्यासाठी आठवण असू शकते. न धुता ठेवायचा तर कसर आणि बुरशीसाठी दर महिन्याला बघावं लागतं. खळ नसलेल्या, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, घड्यांमध्ये कागदाच्या गुंडाळ्या ठेवा म्हणजे तिथे कापड चिरत नाही. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा. पदकांना ब्रासोसारखं पॉलिश लावू नका, दर वेळी धातूचा थर निघतो. शवपेटीवरचा तिरंगा घडी करताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली जाऊ द्या, वर अशोकचक्र दिसलं पाहिजे. काचेच्या पेटीवर थेट ऊन नको.

पुतळा किंवा फलक होणार असेल तर मातीच्या नमुन्यावरच टोपी, खांद्यावरचे तारे आणि पदकांचा क्रम पलटणीतल्या माणसाला दाखवा. पदकं छातीच्या डाव्या बाजूला असतात. शिल्पकाराला दिलेला फोटो उलटा छापलेला असला की ती उजवीकडे जातात. ग्रॅनाइटवर कोरलेली चूक खोडता येत नाही, म्हणून मजकुराच्या कागदावर घरच्या दोघांची सही घ्या.

छपाईच्या प्रती शाळेला, पलटणीला आणि अकादमीच्या ग्रंथालयाला पाठवा. घरच्या प्रतीत शेवटी चार कोरी पानं बांधून घ्या. पुस्तिका वाचून एखादा कोर्समेट पाच वर्षांनीही दारात येतो, आणि त्याच्याकडे कुणी न ऐकलेली गोष्ट असते.