वाचतात तर सगळेच, मग अडतं कुठे? वाचनातल्या या चुका टाळा

"दोनशे लिटरला किती टाकू?"

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दिवसभर हाच प्रश्न. उत्तर फवारणीच्या औषधाच्या बाटलीला रबरबँडने बांधलेल्या कागदावर छापलेलं असतं, तेही मराठीत. गिऱ्हाईक रबरबँड काढतं, कागदाची घडी उलगडतं, त्या कागदाने काउंटरवर सांडलेली पावडर पुसतं आणि मग मला विचारतं.

ही अडाणी माणसं नाहीत. यातले बरेच पदवीधर आहेत. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हरिपाठ पाठ आहे, कुठल्या मतदारसंघात कोण किती मतांनी पडला हे विचारायचा अवकाश. त्यामुळे "लोक वाचत नाहीत हो हल्ली" हे रडगाणं मला पटत नाही. लोक भरपूर वाचतात. पण जिथे स्वतःचा पैसा, तब्येत किंवा जमीन अडकलेली असते, नेमकं तेवढंच सोडून वाचतात. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बहुतेक मी स्वतः केल्यात, एक तर चांगली महागात पडली.

पुस्तक म्हणजेच वाचन, असं धरून चालणं

27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीला आणि 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला आपल्या नाशकातल्या प्रत्येक मोबाइलवर पुस्तकांचे फोटो फिरतात. फिरू देत, माझं काही म्हणणं नाही. पण त्यातून एक समज पक्का होत गेलाय: वाचन ही रविवारी दुपारी, चहा घेऊन करायची गोष्ट. औषधाचा कागद, विजेचं बिल, बँकेचं पत्र, हे वाचन नव्हे, ही कटकट.

त्या कागदाचंच बघा. त्यावर मात्रा बहुतेक वेळा हेक्टरी दिलेली असते. आपला शेतकरी हिशोब करतो एकरात. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. समजा कागदावर लिहिलंय, हेक्टरी 500 मिली, 1,000 लिटर पाण्यात. म्हणजे 200 लिटरच्या टाकीला 100 मिली झालं. पण घाईत "500" एवढाच आकडा डोळ्यात भरतो, शेजारचं "हेक्टर" दिसतच नाही, आणि एका एकराला अख्खी बाटली जाते. अडीचपट औषध. पाला करपतो, पैसे जातात आणि दोष कंपनीला. "माल डुप्लिकेट दिला का हो तुम्ही?" हे ऐकून घ्यायला मी आहेच.

उपाय साधा आहे. आकडा वाचला की त्याच्या उजवीकडचा शब्दही वाचायचा. हेक्टरी की एकरी, ग्रॅम की मिलिग्रॅम, महिन्याला की वर्षाला. कर्जाच्या व्याजालाही हेच लागू. "दीड टक्का" ऐकून खूश होऊन गेलेला आमचा एक नातेवाईक आठ महिन्यांनी शुद्धीवर आला. तो दीड टक्का दरमहा होता.

बाटलीवर एक चौकोन असतो, तो एका कोपऱ्यावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग विषारीपणा सांगतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. यात अक्षरं वाचायचीही गरज नाही. तरी हिरवा म्हणजे "सेंद्रिय" असं ठामपणे सांगणारे मला दर हंगामात भेटतात. हिरवं असलं तरी ते विषच.

द्राक्षवाल्यांना वाचण्याची किंमत 2010 मध्ये कळली. त्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्या वाढरोधकाचे अंश युरोपातल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि आपल्याकडचे कंटेनर तिकडे अडकले. कष्टाने पिकवलेला, दिसायला एक नंबर माल, आणि अडला कशावर, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या अंशावर. त्यानंतर निर्यातवाले बागायतदार औषधाची यादी ज्या बारकाईने वाचायला लागले, तसं वाचताना मी आमच्या गल्लीतल्या एमपीएससीच्या पोरांनाही बघितलं नाही.

मोठी अक्षरं वाचून थांबणं

ही चूक सगळ्यात जास्त घरांत होते. डब्याच्या पुढच्या बाजूला जे असतं ती जाहिरात. माहिती मागे, बारीक अक्षरात.

औषधाच्या नावाचंच घ्या. ठळक नाव कंपनीने ठेवलेलं, खालचं बारीक नाव घटकाचं. शेतकरी डावनी या बुरशीच्या रोगासाठी दोन वेगवेगळ्या नावांची औषधं आलटून पालटून मारतो, आणि दोन्हींत घटक एकच. मग बुरशीला त्याची सवय होते आणि औषध लागू पडत नाही. घरातही हाच प्रकार. ताप आहे म्हणून एक गोळी, सर्दी आहे म्हणून दुसरी. दोन्हींच्या पाकिटांवर बारीक अक्षरात पॅरासिटामॉल. दिवसातून तीन-तीन वेळा दोन्ही घेतल्या तर यकृतावर ताण येतो आणि माणसाला वाटतं, आपण दोन निराळी औषधं घेतोय. बिस्किटाच्या पुड्यावर पुढे गव्हाचं कणीस असतं. मागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावलेली असते. त्यात पहिलं नाव मैद्याचं असेल तर कणसाकडे बघू नका.

आता माझं सांगतो. लोकांना कागद वाचायला लावणारा मी, स्वतःची आरोग्य विम्याची पॉलिसी पाच वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत, गोदरेजच्या कपाटात सांभाळून ठेवली होती. 3 लाखांची. आईच्या ऑपरेशनला ती बाहेर काढली. एजंट म्हणाला होता, "सगळं कव्हर आहे, दादा." खोली घेतली रोज 5,000 ची, आईला मोकळं वाटावं म्हणून. पॉलिसीच्या अकराव्या पानावर लिहिलं होतं की खोलीभाडं विमा रकमेच्या 1 टक्क्यापर्यंत. म्हणजे दिवसाला 3,000.

मला वाटलं, ठीक आहे, वरचे 2,000 रोजचे आपण भरू. तसं नसतं. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की डॉक्टरांची फी, थिएटरचं भाडं, असे खोलीबरोबर वाढणारे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. 5,000 च्या जागी 3,000, म्हणजे 60 टक्केच मंजूर. औषधांना ही कात्री लागत नाही, एवढंच नशीब. मी त्या ऑफिसात जाऊन भांडलो. समोरच्या पोराने शांतपणे अकरावं पान उघडलं आणि माझ्याकडे वळवून ठेवलं. सही माझीच होती.

नवी पॉलिसी हातात पडली की ती नाकारायला 30 दिवस मिळतात. ते दिवस वाचायलाच दिलेत. पूर्ण वाचायचा कंटाळा येतो, मलाही येतो. म्हणून मी आता तीन गोष्टी शोधतो: काय मिळणार नाही, कितीपर्यंतच मिळेल, किती दिवस थांबावं लागेल. बाकीचं नंतर.

सातबाऱ्याचंही तसंच. नाव आणि क्षेत्र बघून माणसं इसार देऊन मोकळी होतात. भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2, हे बघत नाहीत. वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. "इतर हक्क" या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाची नोंद, वाद, सगळं लिहिलेलं असतं.

तारीख न बघणं

ग्रुपवर मेसेज येतो, "तातडीचे! द्राक्षासाठी या औषधावर बंदी." खाली वर्ष नाही, कार्यालयाचं नाव नाही. मी अशा एका मेसेजवरून तीन पेट्या माल बाजूला काढून ठेवला होता. तो दोन हंगामांपूर्वीचा निघाला.

मेसेजवर दोन बाणांची खूण असेल, तर तो खूप जणांच्या हातून पुढे आलाय. तेवढ्याने खोटा ठरत नाही, पण मूळ कुठून आला हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं हे नक्की. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. द्राक्षावर कोणती औषधं चालतात आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं, ती यादी तिथून निघते; बागायतदार तिला ॲनेक्श्चर 5 म्हणतात. ती बदलत राहते. गेल्या वर्षीची यादी लॅमिनेट करून भिंतीवर लावणारे शिस्तीचे लोक आहेत, त्यांच्याकडे बघून मला जास्त भीती वाटते. काहीच न वाचणारा निदान विचारतो तरी.

संपवायचं म्हणून वाचणं

पुस्तकांकडे येतो. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, 1840 चं. मुंबई-ठाणे आगगाडी धावायला तेव्हा 13 वर्षं अवकाश होता आणि नाशकात वाचनालय निघालं होतं. अशा गावात वाढलेल्या माणसाला हातात घेतलेलं पुस्तक अर्धवट परत करायची लाज वाटते. मीही एक जाडजूड चरित्र चार महिने उशाशी ठेवलं होतं. बेचाळिसाव्या पानावर अडकलेलं. त्या चार महिन्यांत दुसरं काहीच वाचलं नाही. पन्नास पानांत जमलं नाही तर परत द्या. काउंटरवरचा माणूस विचारत नाही, "वाचलं का?" तो फक्त शिक्का मारतो.

उलटी चूक म्हणजे पिवळ्या पेनाने सगळं पान रंगवायचं आणि समाधान मानायचं. रंगवलं म्हणजे लक्षात राहिलं, असं होत नाही. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो, नंतर मंदावतो. आणि 2006 मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने बाजी उलटली, मिटून लिहिणारे पुढे गेले.

आमच्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं. काळारामाच्या देवळातून कीर्तन ऐकून आली की ती पाय धुऊन ओट्यावर बसायची आणि आम्हा पोरांना अख्खं कीर्तन परत सांगायची. मध्येच अडकायची, "थांब रे, आठवू दे." तिचं ते थांबणंच कामाचं होतं, हे मला आत्ता कळतंय. मी रात्री दुकान बंद केल्यावर दिवसभरात वाचलेलं एक काहीतरी बिलबुकाच्या मागच्या पानावर न बघता लिहितो. चार ओळी. कधी दोनच येतात, मग परत बघतो.

डोळ्यांचा दोष मनाला लावणं

"पूर्वी तासन् तास वाचायचो, आता एकाग्रताच राहिली नाही." वय विचारलं तर त्रेचाळीस. अहो, जवळच्या चष्म्याला आपल्या भाषेत नावच चाळिशी आहे! त्या वयात डोळ्यातलं भिंग ताठर होऊ लागतं, बारीक अक्षर हात लांब केल्याशिवाय दिसत नाही, डोकं दुखतं आणि पुस्तक सुटतं. आधी डोळे तपासून घ्या. तोपर्यंत मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. औषधाचे कागद मी असेच दाखवतो.

कळलं नाही तरी मान हलवणं

शब्द अडला की आपण तो ओलांडून पुढे जातो. "बोजा", "प्रतीक्षा कालावधी", "वजावट". विचारायला लाज, शोधायला आळस. मराठी विश्वकोश आता मोबाइलवर फुकट उघडतो. आणि विचारायचं झालं तर ज्याला त्यातून कमिशन मिळत नाही अशा माणसाला विचारा. हे मी दुकानदार असून सांगतोय.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. निफाडकडचे एक तात्या आले, सत्तरीचे, शाळा चौथीपर्यंत. द्राक्षावरच्या भुरी रोगाचं औषध मागितलं. माल काढणीला कधी येईल विचारलं तर म्हणाले, पंधरा-वीस दिवसांत. मी सवयीने एक बाटली काढून दिली, "निर्धास्त मारा." त्यांनी कोपरीच्या खिशातून दोरीची चाळिशी काढली, रबरबँड सोडला आणि कागद काउंटरवर सरळ करून बोट ठेवत वाचायला लागले. मागे तीन गिऱ्हाईकं उभी. मी घाई करणार, तेवढ्यात त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"दादा, यात तर तीस दिवस लिहिलंय."

मी कागद माझ्याकडे ओढला. तीसच होते. बाटली कपाटात ठेवली. त्या दिवशी त्यांना लागेल असं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं, ते रिकाम्या हातानेच गेले.