हार्ट अटॅकचा धोका: सोसायटीत तपासणी कशी घ्यावी

घणसोली, कोपरखैरणे किंवा वागळे इस्टेटच्या सोसायटीत तपासणी ठेवायची तर रविवारी सकाळी सातला ठेवा. इतर दिवशी पस्तिशी-पन्नाशीची माणसं लोकल गाठायच्या घाईत असतात. तपासणी चुकते ती नेमकी त्यांचीच. वॉचमन, सफाई कामगार, घरकामाला येणाऱ्या ताई यांनाही आवर्जून बोलवा. आधीचे आठ तास पाण्याशिवाय काही नको. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच उपाशी राहावं.

सगळ्यात जास्त चुका बीपी मोजताना होतात. जिना चढून आलेल्याला लगेच पट्टा बांधला की आकडा चढतोच. अर्धा तास आधीपासून चहा, सिगारेट, तंबाखू बंद. लघवीला जाऊन यावं. मग पाच मिनिटं न बोलता बसवा: पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. पट्टा शर्टावरून नको, उघड्या दंडावर बांधा आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी असतं त्याहून जास्त दिसतं, म्हणून मोठा पट्टा जवळ हवाच. मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहा. 140/90 किंवा वर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांकडे पाठवा. एकाच आकड्यावर गोळी सुरू होत नाही.

पोटाचा घेर टेपनेच मोजा, पँटचा नंबर चालत नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं.

साखरेसाठी बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करायला लावा. फळाचा रस लागलेला असला तरी आकडा वाढतो. प्रत्येकाला नवी सुई. उपाशीपोटी 126 किंवा जास्त आली तर लॅबमध्ये खात्री करून घ्या.

‘व्यसन आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ येतं. ‘मशेरी लावता का? दिवसाला किती पुड्या?’ असं विचारा. मशेरीला व्यसन न समजणाऱ्या बायका बऱ्याच असतात. वडील-भावाला 55 च्या आत किंवा आई-बहिणीला 65 च्या आत अटॅक आला होता का, तेही लिहा.

मिठाचं विचारताना पुडा किती दिवस पुरतो ते विचारा. माणशी रोज पाच ग्रॅम धरले तर चौघांना महिन्याला 600 ग्रॅम. किलोचा पुडा महिन्यात संपत असेल तर आठ ग्रॅमच्या वर गेलंच. पापड, लोणचं, सुकट, वडापाव वेगळे.

छातीवर दाब, घाम, जबडा किंवा डाव्या हातात कळ, दम लागणं, असं काही झालं की ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पीत बसू नका. मधुमेह्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतही नाही. स्वतः गाडी चालवू नका, 108 ला फोन करा. अँजिओप्लास्टी चोवीस तास होते अशा जवळच्या हॉस्पिटलचा नंबर आजच गेटवर लावून ठेवा, आणि ॲम्ब्युलन्स आपल्या विंगपर्यंत आत येते की नाही ते प्रत्यक्ष पाहून घ्या.